पासवाली मुंबईची

“बोल गं बिनधास्त, हिला कुठं मराठी कळतंय!” तिकिटाच्या टेबलामागची मावशी आपल्या सुनेला म्हणाली. मी समोरच उभी होते, वर्षाचा पास पुढे धरून.

सून विकायला काकड्या चिरत होती. “काय भेटतं हो हिला रानात? दर रविवारी येती, तीपण एकटी.”

“मुंबईवाल्यांना घरात हवा नसती, म्हून.”

दोघी हसल्या. मलाही हसू येत होतं, पण हसले असते तर सगळंच उघडं पडलं असतं.

माझं घर याच तालुक्यातल्या लोधिवलीत आहे. राखीव जंगलाचं हे फाटक तिथून स्कूटीवर वीस मिनिटं. पहिल्या दिवशी माझ्या गळ्यातली दुर्बीण बघून मावशीने हिंदीत विचारलं होतं, “किधर से आया?” अनोळखी माणसापुढे माझ्या तोंडून आधी इंग्रजी येतं, नाहीतर हिंदी. मी म्हटलं, “बॉम्बे.” का म्हटलं, ते मला अजून सांगता येत नाही. मग पुन्हा पुन्हा तेच खोटं बोलायला नको म्हणून मी पास काढला. त्यावर फक्त फोटो आणि नंबर. दाखवायचा, मान हलवायची, आत जायचं.

तालुक्यातल्या लोकांना प्रवेश मोफत असल्याची पाटी मी तिसऱ्या रविवारी वाचली. पण गाव सांगितलं की कुणाची, लग्न झालं का, एकटी कशी काय, हे सगळं आलंच. पास दाखवला की कोणी काही विचारत नव्हतं. हे मला हवं होतं. तरी आत गेल्यावर झाडाखाली बसून मी पक्ष्यांऐवजी त्या कार्डाकडेच बघत राहायचे.

त्या रविवारी मावशी पास परत देईना.

“अगं, वरच्या वाटेला आग्या मोहोळ उठलंय. सांगायला पायजे हिला.”

“मग सांगा ना.”

“हिंदीत काय म्हणत्यात त्याला?”

“मधमाशी?”

“नुसती मधमाशी म्हटलं तर फोटो काढाय जाईल ती!”

मावशीने हात फडफडवून “भुंऽऽ” केलं, स्वतःच्या गालाला चिमटा काढला आणि म्हणाली, “उप्पर नै जाने का. बडावाला!” मी मान हलवली आणि खालच्या वाटेकडे बोट दाखवलं.

तिला ते पटलं नाही. “ही सगळ्यालाच मान हलवती. मीच हिला खालच्या वाटेला लावून येते.”

“आई, गुडघा बघा की तुमचा! सकाळी उठवत नव्हतं.”

“मग काय मरू देऊ पोरीला?”

टेबलाला धरून ती उठली. गुडघ्याला फडकं घट्ट बांधलेलं होतं. पहिलं पाऊल टाकताना तिने डोळे मिटले. मुंबईच्या मुलीसाठी ही एवढं करतेय, आणि मी तर मुंबईची नाहीच. लोधिवलीची म्हटलं असतं तर तिने बसल्या जागेवरून दोन शब्दांत सांगितलं असतं. की रागावली असती? मला काहीच उमजेना. ओठांवर आधी हिंदीच आलं. ते मी गिळलं.

“मावशी, बसा तुम्ही. आग्या मोहोळ, कळलं मला. मी लोधिवलीची आहे.”