बीरगावचे वाया गेलेले फॉर्म

छत्तीसगढ राज्य नवीन झालं त्या सुमारास आमच्या विद्यापीठात एक संयुक्त संशोधन निघालं. बीरगावच्या कारखान्यांची धूळ आणि तिथल्या बायकांचा दम लागणं, असा विषय. धूळ तपासायची मी, रसायनशास्त्राची. बायकांशी बोलायचं समाजशास्त्राच्या एका मुलीनं. दोघी पीएचडीला.

महिन्याभरात प्रयोगशाळेतलं माझं टेबल दुसऱ्याला गेलं. "आता तू तिकडचीच ना," सर सहज म्हणाले. तिकडे, समाजशास्त्रात, मला कपाटाजवळ एक खुर्ची मिळाली. चहाला निघताना दोन्हीकडचे लोक मला हाक मारायची विसरत. डबा मी जिन्यावर बसून खायची. चौबे कॉलोनीत घरी आले की आई विचारायची, "तू नेमकं काय करून राहिली?" मला एका वाक्यात सांगता येत नसे.

मग ती मुलगी टायफॉइडनं गावी गेली. तिचे फॉर्म मी एकटीनं, हिंदीतून भरले. दम लागतो का? हव, म्हणजे हो. खोकला येतो का? हव. रकाने भराभर भरले आणि मी खूश झाले.

परत आल्यावर तिनं ते वाचले. ती छत्तीसगढीतच वाढलेली. म्हणाली, "दीदी, हर 'हव' जवाब नहीं होता. वो बस कह रही हैं कि सुन रही हूँ."

मी चिडले. तुझ्या विषयात मोजमाप नसतंच, असं काहीसं बोलून गेले. ती उठून गेली आणि दोन आठवडे भेटली नाही.

शेवटी मी एकटी बीरगावला गेले. जिनं दम लागतो म्हटलं होतं, तिलाच विचारलं, तुम्हाला श्वासाचा काहीच त्रास नाही ना? तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "हव."

सरांना सांगितलं, तर फॉर्म समाजशास्त्राचे, असं ते म्हणाले. तिकडच्या मॅडम म्हणाल्या, भरले तर तुम्हीच. मी त्या मुलीकडे जाऊन माफी मागितली. तिनं चप्पल घातली आणि माझ्यासोबत बीरगावला निघाली. फॉर्म तिनं पिशवीतून काढलेच नाहीत. त्याच बाईशेजारी तांदूळ निवडायला बसली आणि नळावरून घरापर्यंत हंडा कितीदा खाली ठेवावा लागतो, तेवढंच विचारलं. ती बाई थांबली. पूर्वी एका दमात आणायची, आता दोनदा ठेवावा लागतो, म्हणाली. सगळे फॉर्म आम्ही पुन्हा भरले. वर्ष गेलं.

माझ्या तोंडी परीक्षेला ती मागच्या रांगेत बसली होती. हंड्याचा प्रश्न कोणाला सुचला, असं परीक्षकांनी विचारलं. मी तिच्याकडे हात केला. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न धुळीचा विचारला.

नंतर विभागात चहा-समोसे होते. अभिनंदनं आटोपून मी बाहेर आले, तोवर ती बसनं निघून गेली होती.