हुसेनाचं मातीचं छप्पर

हुसेन कुर्दी. आखातात, अल खौदजवळच्या ज्या मळ्यात मी पंप दुरुस्त करायला जायचो, तिथे तो सोळा वर्षं खजुरांना पाणी देत होता. आमचं बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं अरबीत. पण मला ते माझ्या मालवणीतच आठवतं, तेव्हा तसंच सांगतो.

त्याचा गाव इराकच्या डोंगरात. बत्तीस घरं, उतारावर पायऱ्यांसारखी. खालच्याचं छप्पर तेच वरच्याचं खळं. द्राक्षं, तंबाखू, अक्रोड. छपरं सपाट, मातीची. पाऊस-बर्फ पडलं की बाप्ये वर चढून दगडी रूळ फिरवायचे, माती दाबायचे, नाहीतर घर गळायचं. अठ्ठ्याऐंशी साली लष्कर आलं. "दोन दिवस भायर ऱ्हवा," म्हणाले. हुसेन आईला पाठीवर घेऊन निघाला. वळून बघतो तर गावावर बुलडोझर. आई वाटेतच सरली.

अर्बाबने, म्हणजे मळ्याच्या मालकाने, दिलेली पत्र्याची खोली सोडून त्याने मळ्याच्या कडेला तसंच मातीचं घर बांधलं. कुठल्याशा साइटवरून पाइपाचा तुकडा आणला, त्यात सिमेंट भरून रूळ केला.

"मामा, वर्साक चार शिंतोडे पडतत हय. रूळ कित्याक? चपाती लाटूक?"

"तू भाड्याच्या खोलयेतलो. तुका काय कळतला?"

घरामागेच सुकी वादी होती. वादी म्हणजे आपला व्हाळ, ओढा, फक्त बिनपाण्याचा.

दोन हजार सातच्या जूनमध्ये गोनू वादळ आलं. अर्बाबने मला पिकअप देऊन पाठवलं, मळ्यातली माणसं शाळेत पोचव म्हणून. बाकीचे मागे चढून बसले. हुसेन छपरावर. ओलाचिंब, रूळ ओढतोय.

"मामा, खाली ये! व्हाळ येतलो!"

"पाणी वरसून पडता रे, खालसून न्हय. रूळ सोडलंय तर घर बसतला."

"एका रातीचो प्रश्न! उद्या सकाळी मी परत हाडून सोडतंय."

रूळ थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, अगदी गावच्या वैऱ्याकडे बघावं तसं.

"ते दोन दिवस म्हणालेले," तो म्हणाला, आणि पुन्हा ओढायला लागला.

मी शिडीला हात घातला. त्याने ती वर खेचून घेतली. मागून माणसं "यल्ला, यल्ला" ओरडत होती. पाणी चाकाला लागलं. मी गिअर टाकला.

तिसऱ्या दिवशी वादी उतरली. घराच्या जागी सपाट चिखल. हुसेन सापडला मैलभर खाली, बाभळीच्या काट्यांत अडकलेला. पालथा होता म्हणून बरं.

पुरून झाल्यावर अर्बाबने विचारलं, "ओढून का नाय हाडलंस?"

मी म्हटलं, "तो शिडी घेऊन वर बसलेलो."

हे खरं आहे. पण भिंत माझ्या डोक्याइतकीच होती. चढता आलं असतं.