कमरेला बांधलेला डबा

आमच्या गावात उन्हाळ्याच्या सुटीची सुरुवात माराने होत असे. परीक्षा संपली की दुसऱ्याच सकाळी काका घरातली आणि शेजारची मुले मळ्यातल्या विहिरीवर नेत. मोट जिथे रिकामी होई त्या थारोळ्याच्या उंच दगडावर त्यांना ओळीने उभे करत आणि एकेकाला मानगुटीला धरून खाली फेकत. पाठीवर रॉकेलचा रिकामा, तोंड कथलाचा डाक लावून बंद केलेला डबा बांधलेला असे. जो हातपाय मारी तो पायऱ्यांपर्यंत येई. पायरी धरून बसू पाहणाऱ्याच्या बोटांवर ओल्या दोराचा फटका बसे आणि तो पुन्हा पाण्यात जाई. आयांची याला हरकत नव्हती. पाण्यात राहणाऱ्या मुलांना लू लागत नसे, दुपारी ती गाढ झोपत आणि उठल्यावर मागून मागून भाकरी खात.

मीही अशीच शिकले होते. माझ्या डाव्या कोपराला त्या विहिरीच्या कपारीने दिलेला वण आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मी अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात होते आणि पुढे एम.एस्सी. करायचीच, हे मी घरात कुणालाही न विचारता ठरवून टाकले होते. त्या सुटीत गावी आले तेव्हा काकांच्या धाकट्या मुलीची चौथी संपली होती. पाचवीसाठी अमडापूरला जावे लागे आणि वाटेत नाला होता. आदल्या भादव्यात त्या नाल्याने वरच्या वस्तीवरचा एक मुलगा दप्तरासकट नेला होता. बोराटीत अडकलेले त्याचे प्रेत काकांनीच सोडवून आणले होते. तेव्हापासून त्यांचा नियम एकच होता, आणि तो त्यांनी मुलीला माझ्यासमोर ऐकवला.

"मृगाच्या आत बिनडब्याचा एक येढा मारला विहिरीचा, त शाळा. नाही त घरी बस अन् गवऱ्या थाप."

मुलगी हुशार होती, पण पाण्याला भीत होती. पहिल्याच दिवशी तिने थारोळ्यावरच्या लाकडाला मिठी मारली. काकांनी तिची बोटे एकेक करून सोडवली, पाठीत गुद्दा घातला आणि तिला भिरकावले. ती वर आली तेव्हा तिच्या नाकातून रक्त येत होते. दोनदा पायरीला पोहोचली, दोनदा तिला फटका बसला. घरी आल्यावर काकूंनी तिच्या बोटांना हळद लावली; बोलल्या मात्र काही नाहीत.

मी बोलले. भीतीने श्वास तुटतो, तुटलेल्या श्वासाबरोबर पाणी आत जाते आणि अंग जड होते, असे मी काकांना समजावू लागले. आधी तोंड पाण्यात धरून श्वास सोडायला शिकवू या, हातपाय मागून येतील, असेही सांगितले.

"तुले कोनं शिकवलं? मीच ना?" काका म्हणाले. "घंगायात बसून शिकली का तू?"

"मला फेकलं त्याच दिवशी माझ्या भावालाही फेकलं होतं तुम्ही. तो अजून विहिरीच्या काठाशी येत नाही. जे शिकले तेवढेच तुम्ही मोजता, काका."

"कालेजात गेली त तोंड लई चालून राह्यलं तुयं," असे म्हणून ते हसले, पण त्यांनी अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत दिली. "आखाजीलोक घे तुयी पोरगी. मंग मी हाओ अन् दोर हाये."

त्यानंतर रोज सकाळी आम्ही दोघी गुरांच्या हौदावर जाऊ लागलो. ती डोके बुडवी, बुडबुडे सोडी, वर येऊन श्वास घेई. बैल पाणी प्यायला आले की बाजूला सरे. मोठी मुले येता जाता टोमणे मारत. "काय बे, हौदातली म्हैस कवा इनार हाये?" एकदा तिने त्यातल्या एकाच्या तोंडावर ओंजळभर शेवाळाचे पाणी मारले आणि त्याच्याशी मातीत लोळून मारामारी केली. मी ती लगेच सोडवली नाही. भीती कमी होत असल्याचे ते मला बरे लक्षण वाटले. मग आम्ही विहिरीच्या खालच्या पायरीवर आलो. ती कमरेइतक्या पाण्यात पाय सोडून पालथी तरंगू लागली.

आखाजीच्या सकाळी काका आले. मी पायरीवर होते. ती वर, कपडे खोचत उभी होती. काकांनी डबा तिच्या पाठीवर ठेवला, दोराचा एकच वेढा पोटाभोवती आवळला आणि मी वर पोहोचायच्या आत तिला उचलून फेकले.

पाण्यावर आपटताच दोर सरकला. डबा पाठीवरून कमरेवर, कमरेवरून कुल्ल्यांवर उतरला. बंद डबा काही झाले तरी वरच राहणार. म्हणून शरीराचा तेवढाच भाग वर राहिला आणि डोके खाली गेले. पाण्यावर फक्त डबा आणि दोन आपटणारे पाय दिसत होते. काठावरची पोरे खिदळू लागली. काका वरून ओरडत होते, "हात मार, हात." डबा बुडत नाही म्हणजे पोर बुडत नाही, असा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब होता.

मी लुगड्यासकट उडी टाकली. गाठ ओली होऊन दगडासारखी झाली होती, ती सुटेना. मी तिचे खांदे वर ओढले, तशी तिने माझ्या गळ्याला मिठी मारली आणि दुसऱ्या हाताने माझे केस मुठीत धरले. आम्ही दोघी खाली गेलो. बुडणाऱ्याच्या हातात किती बळ असते हे पुस्तकात वाचून कळत नाही. मी तिच्या अंगठ्याला धरून बोटे उलटी पिरगळली. ती सोडेना, तेव्हा तिच्या जबड्यावर ठोसा मारला. तिची पकड सैल झाली. मी तिला पाठीमागून काखेत धरून पायरीपर्यंत ओढत आणले आणि डब्याचा दोर तसाच तिच्या पायांवरून खाली ओढून काढला. ती ओकली. तिचा ओठ माझ्या ठोशाने फाटला होता.

काका दोर घेऊन पायऱ्या उतरले. "हात काऊन नाही मारले तुनं?" दोर तिच्यावर पडायचा तो मी मध्ये आल्याने माझ्या खांद्यावर पडला. मी त्याचे टोक धरले आणि सोडले नाही. काकांनी हिसका दिला, मीही दिला. वरची पोरे पायऱ्या उतरून खाली आली.

"काका, हाच डबा, अशीच गाठ, कमरेखाली हीच जागा. तुम्ही उतरा."

"मी? मले पोहनं शिकवतं?"

"नाही. फक्त उतरून दाखवा. या पंचक्रोशीत तुमच्याइतकं कुणी पोहत नाही."

मी त्यांना ओळखत होते. पोरांसमोर ते माघार घेणार नव्हते. त्यांनी स्वतः डबा कमरेखाली बांधून घेतला, धोतर खोचले आणि पायरीवरून सूर मारला.

तो धिप्पाड माणूस अर्ध्या क्षणात उलटा झाला. डबा वर, पाय वर, आणि खाली दोन्ही हातांनी पाणी फाडत असलेले त्यांचे काळे खांदे. ते एकदा वर आले, तोंड उघडले आणि पुन्हा गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांचे डोळे पांढरे झाले होते. मी दोर फेकला. तो त्यांनी धरला आणि मी व दोन मोठ्या मुलांनी त्यांना ओढून घेतले. कपारीवर घासून त्यांचा गुडघा फुटला. ते बराच वेळ खोकत राहिले. एक मुलगा हसला. काकांनी उठून त्याच्या कानाखाली अशी मारली की तो पायरीवर बसला.

मग त्यांनी विळ्याने गाठ कापली. डबा मुलीच्या पाठीवर वर, खांद्याच्या फऱ्यांमध्ये ठेवला. दोर दोन्ही काखांतून नेऊन छातीवर फुली घातली.

"आता चाल," ते म्हणाले.

"तुमी वर जा," मुलगी म्हणाली. फाटल्या ओठामुळे शब्द नीट उमटत नव्हते. "तुमी अठी असान त मी नाही उतरत. ताई राहील."

काकांचा हात उठला. ती हलली नाही, तिने डोळेही मिटले नाहीत. हात तसाच खाली आला आणि ते पायऱ्या चढून वर गेले. त्या दिवशी ती डबा बांधून पायरीपासून कपारीपर्यंत चार हात मारत गेली आणि परत आली. नंतर आठवडाभर बापाशी एक शब्द बोलली नाही.

डबा आम्ही मे महिन्याच्या शेवटी सोडला. मृगाच्या दोन दिवस आधी काका विहिरीवर आले आणि बोलावले नव्हते म्हणून दूर, बैलांपाशी उभे राहिले. ती पायरीवरून पाण्यात गेली. भिंतीला हात न लावता, मधे दोनदा गुदमरून आणि एकदा मोठ्याने शिवी देऊन, तिने पूर्ण वेढा मारला. वर आली, बापाच्या शेजारून ओल्या अंगाने निघाली आणि न थांबता म्हणाली, "आईले सांगा, मायं शाळेचं दप्तर शिवाचं हाये."

काकांनी बैल सोडले आणि तिच्या मागोमाग घराची वाट धरली.