पंख्याच्या खोलीतली कॅसेट

आखातातल्या शुऐबाच्या गॅस प्लांटवर माझं काम एकच होतं, कंट्रोल रूमला हवा पुरवणं. बाहेर कुठे गॅस गळला तर तो आत शिरू नये म्हणून दोन मोठे पंखे आत सतत ताजी हवा कोंबत असत. दार उघडलं की वारा आतून बाहेर यायचा. पंखे थांबले असते तर आतल्या माणसांचं काही खरं नव्हतं. पण ते थांबत नसत, त्यामुळे माझी आठवणही कुणाला होत नसे.

यंत्रं आली होती बर्फाच्या मुलखातून. हवा आत घेण्याच्या तोंडाशी बर्फ साचू नये म्हणून तिथे चक्क हीटर बसवलेले, आणि माहितीपुस्तकात बर्फ खरवडण्यावर एक अख्खं प्रकरण! मी पहिल्याच आठवड्यात हीटरच्या वायरी सोडवल्या. आमच्याकडे साचायची ती वाळू. तोझ, म्हणजे तिथलं धुळीचं वादळ, उठलं की फिल्टर बघता बघता गच्च भरायचे. स्टोअर सांभाळणारे रत्नागिरीकडचे एक चाचा होते, माझ्याशी मराठी बोलणारं प्लांटवरचं एकमेव माणूस. ते म्हणायचे, "हे मशीन आपल्यासारखंच रे. जायचं होतं एकीकडे, येऊन पडलं भलतीकडे." पदरी पडलं पवित्र झालं, म्हणत मी ते चालवत होतो.

कंत्राट संपत आलं तेव्हा साहेबाने विचारलं, आणखी दोन वर्षं थांबणार का? मला हे आईला विचारायचं होतं, थोरल्या भावाला नव्हे. पण आईला लिहितावाचता येत नव्हतं. माझी पत्रं भाऊच वाचून दाखवायचा आणि उत्तरही तोच लिहायचा, 'इकडील सर्व क्षेम, काळजी नसावी.' आईच्या नावाने येणाऱ्या पत्रात आईचा एक शब्द नसायचा. मला भावाचा भयंकर राग यायचा. मी परत जाणं त्याला परवडणारं नव्हतं, आणि आई त्याच्याच घरात होती.

म्हणून फहाहीलच्या बाजारातून टेपरेकॉर्डर आणला. चाचा रजेवर निघाले होते. घाट चढून एस.टी.ने आमच्या गावी जायचं, भाऊ रानात गेला असताना आईला कॅसेट ऐकवायची आणि तिचं उत्तर भरून आणायचं, एवढं त्यांनी कबूल केलं.

कॅम्पच्या खोलीत आणखी तिघं होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण रडू कुठल्याही भाषेत कळतं. मी शुक्रवारी दुपारी पंख्याच्या खोलीत जाऊन बसलो. तिथे मला कायम शांत वाटायचं. मनातलं सगळं बोललो. इथे किती एकटं वाटतं ते सांगितलं. शेवटी विचारलं, "आई, राहू का येऊ? तू सांगशील तसं करीन." स्वतःचा आवाज ऐकायची लाज वाटली, म्हणून कॅसेट परत लावून पाहिली नाही.

चाचा रजेवरून आले ते नजर चुकवतच. "काय बोललास तू, काय पण कळलं नाय रे तिला. दोन वेळा ऐकवलं. नुसता वारा."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या पंख्यांच्या आवाजात मी इतकी वर्षं काढली होती की तो मला ऐकू येणंच बंद झालं होतं.

कॅम्पवर येऊन मी आईची कॅसेट लावली. आई पहिल्या शब्दापासून ओरडत होती. वाऱ्यातून आपला आवाज मुलापर्यंत पोचावा म्हणून माझी म्हातारी छाती फुटेस्तोवर ओरडत होती. खोलीतल्या एकाने हळूच विचारलं, "घर में झगड़ा हुआ क्या?" मी मानेनेच नाही म्हटलं.

"काय बोलतोयस ते कायबी ऐकू येईना बघ," आई ओरडत होती. "येवढ्या वाऱ्यात कशाला हुबा ऱ्हायलाईस? कान दुखतील की रं. घरात ये बघू आधी. ये, घरात ये!" मग तिला खोकल्याची उबळ आली आणि कॅसेट संपली.

एवढ्या लांबच्या माणसाला 'घरात जा' म्हणतात. आई 'ये' म्हणाली होती.

शनिवारी मी साहेबाला नाही म्हणून सांगितलं. आईने बोलावलंय म्हटलं. "काही झालंय का तिला?" त्याने विचारलं. तिला वाटत होतं, मी अंगणातच उभा आहे.