कुजक्या लाकडाची निवड

मिस्त्रींचा सारा जन्म कुजकं लाकूड बाजूला काढण्यात गेला होता. फळीवर नुसती बोटं आपटली तरी ती आतून भरीव आहे की पोकळ, हे त्यांना कळायचं. तेच मिस्त्री आता वखारीमागच्या ढिगापाशी उकिडवे बसून कुजकं लाकूड शोधत होते.

"मिस्त्री, चष्म्याचा नंबर वाढला काय?" वखारवाला बसल्या जागेवरून ओरडला. "चांगला माल पुढे रचलाय!"

"चांगला नकोय. बोटानं चुरगळेल असा हवाय."

वखारवाल्यानं कपाळावर हात मारला.

झालं होतं असं, की लेक नोकरीसाठी परगावी गेली आणि तिची काचेची पेटी बापाच्या गळ्यात पडली. पेटीत तिनं पाळलेले वाणी होते, पावसाळ्यात निघतात ते असंख्य पायांचे किडे. करंगळीएवढे जाड, काळेभोर, हात लावला की गोल गुंडाळून घेणारे. "तळातला थर कमी झाला की नवा घाला," एवढंच ती सांगून गेली. मिस्त्रींनी आपली अक्कल चालवली. सगळं जुनं फेकून पेटी लख्ख धुतली आणि करवतीखालचा ताजा, पिवळाधमक पाइनचा भुसा पसरला. खोलीभर वास दरवळला. वाणी मात्र काचेवर चढून बसले, ते खाली उतरेनात. त्यातले दोन गेले.

त्यांनी लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, ते अंथरूण नाही, जेवण आहे त्यांचं. कुजलेला पाला, कुजलेलं लाकूड. पाइनची राळ त्यांना सोसत नाही."

"मग हे आधी सांगायचंस!"

"तुम्ही आधी विचारायचंत."

उरलेले जगवायचेच, एवढं मिस्त्रींनी मनाशी पक्कं केलं आणि भुसा त्याच क्षणी बाहेर काढला.

आता लेकीला एकेक गोष्ट विचारून, औषधाची फवारणी होत नाही अशा झाडाखालचा, गेल्या वर्षीचा तपकिरी पाला त्यांनी पोतं भरून आणला. त्यातल्या मुंग्या मराव्यात म्हणून तो उकळत्या पाण्यात घातला.

"माझं मोठं पातेलं!" बायको दारातच थबकली. "अहो, माणसांचा स्वयंपाक कधी केलात का एवढ्या निगुतीनं?"

"अंड्यांची टरफलं फेकू नकोस. वाण्यांना चुना लागतो, कुटून घालायचीत."

"घाला. मलाही घाला त्यातच."

तरी टरफलं तिनंच कुटून दिली, अगदी पिठासारखी.

पाला, वखारीतून आणलेलं कुजकं लाकूड चुरून, टरफलांची पूड आणि माती कालवून मिस्त्रींनी मूठ आवळली. पाणी ठिबकलं. म्हणजे आत सगळं आंबणार. मिस्त्रींनी ते सगळं कागदावर पसरलं, सुकवलं आणि पुन्हा कालवलं. पुन्हा मूठ. या वेळी गोळा टिकला, थेंब पडला नाही. मग त्यांनी वीतभर जाड थर भरला, वर अखंड पानं पसरली आणि एकेक वाणी तळहातावरून खाली सोडला.

सकाळी पेटीत एकही दिसेना.

"आटोपले की काय?" बायकोचा आवाज हलका झाला होता. "जरा उकरून बघा ना."

मिस्त्रींचे हात शिवशिवत होते. त्यांनी ते पाठीमागे घट्ट धरले. "नाही. उकरलं की बिचकतात."

ते वाकले, नाक काचेला टेकेपर्यंत. काल त्यांनी स्वतः निवडून ठेवलेल्या एका पानाची कड कुरतडलेली होती. त्यांनी बराच वेळ ती न्याहाळली. मग रिकामं पोतं झटकून खांद्यावर टाकलं.

"आता कुठं निघालात?"

"पाला आणायला. एवढ्यानं कसं भागेल?"