एकदा झालेला बाप्तिस्मा

सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले. दारात चपला काढतानाच त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथं मरियामातेची तसबीर होती आणि खाली लहानसा दिवा. ते आत आले, पाणी प्यायले, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, "माझी खाट त्या भिंतीकडं नको."

मी श्रीरामपूरकडची, कॅथलिक घरातली. सासर नगरकडचं, प्रोटेस्टंट. सासरे जन्मभर मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि पाळक गावाला गेले की रविवारी उपदेशही तेच करायचे. आमच्यासारख्यांना ते 'रोमन' म्हणत. आमच्या लग्नात मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, सुरू झाली तसे ते उठून बाहेर गेले आणि शेवटचं गीत होईपर्यंत कडुनिंबाखाली उभे राहिले. सासूबाई मात्र आत बसून होत्या. त्या होत्या तोवर हा विषय कधी घरात पेटला नाही. त्या मध्येच भाजी वाढायच्या, की दोन्ही बाजू गप्प.

आम्ही हिंजवडीजवळ माण गावात राहतो. एका शेतकरी कुटुंबानं घरावर मजला चढवून खोल्या काढल्यात, त्यातल्या दोन आमच्या. नवरा हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये सुपरवायझर आहे. मी बालवाडीत शिकवते. म्हणजे दुपारी शाळा सुटल्यावर घरात मी, सासरे आणि आमची मुलगी, एवढेच.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते, मुलगी आबा. मी जपमाळ घेऊन बसले की बाबा बायबल उघडत. वाचत नसत, नुसतं उघडून बसत.

"मध्यस्थ एकच आहे, प्रभू येशू," ते म्हणत. "त्याच्याकडं सरळ जाता येत असताना आईमार्फत निरोप कशाला धाडायचा?"

"तुमच्यासाठी कुणी प्रार्थना करावी असं तुम्हाला वाटत नाही का?"

"जिवंत माणसानं करावी. आणि कर्मांनी तारण मिळत असतं तर प्रभूला क्रुसावर जायची गरज काय होती? तारण कृपेनं आहे. विश्वास ठेवला की मिळतं."

"मग विश्वास ठेवून नुसतं बसून राहायचं?"

"आणि तुम्ही काय करता? पोप सांगेल ते. बायबल हातात असताना मला कुणाच्या परवानगीची गरज नाही."

हे वाक्य त्यांचं ठरलेलं. त्यावर मीही ठरलेलं बोलायची, "म्हणूनच तुमच्यात ज्याचा त्याचा वेगळा पोप." नवरा मान खाली घालून जेवायचा.

खालच्या मालकीणबाईंना आमचा आवाज ऐकू जायचा. एकदा जिन्यात त्यांनी मला अडवलं. "आवो मॅडम, तुमी समदी येशूचीच न्हवं? मग येवढं कशापायी भांडताय?"

मी म्हटलं, "मावशी, ते म्हणतात नुसत्या विश्वासानं तारण होतं. आम्ही म्हणतो विश्वास पाहिजेच, पण तो वागण्यात दिसला पाहिजे. शिवाय चर्च पाहिजे, संस्कार पाहिजेत."

"तारन म्हंजी?"

"मेल्यावर देवाजवळ जाणं."

"म्हंजी मेल्याबिगर कुनाचं खरं त्ये कळायचं न्हाई." त्यांनी क्षणभर माझ्याकडं निरखून पाहिलं. "भांडायचं तर भांडा. पर वर मीटिंगा भरवू नका. गाव आमाला इचारतंय, ही मानसं कुनाला बाटवाय तर आली न्हाईत?"

मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं असं वाटलं नाही.

त्या उन्हाळ्यात मुलीच्या पहिल्या कम्युनियनची, म्हणजे मिस्सेत पहिल्यांदा प्रभूची पवित्र भाकर घेण्याची, तयारी सुरू झाली. दर शनिवारी ती धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाई. परत आली की बाबा तिला शेजारी बसवून विचारत, आज काय शिकवलं. ती उत्साहानं सगळं सांगे. बाबा ऐकून घेत आणि काहीच बोलत नसत. इतके दिवस भांडणाऱ्या माणसाचं ते गप्प बसणं मला आवडेना.

त्याच सुमारास ते अधूनमधून दुपारचे बाहेर जायला लागले. कुठं जाता विचारलं की म्हणत, "पाय मोकळे करायला." पण येताना चपलांना वाळलेला चिखल असे. माणच्या डांबरी रस्त्यावर मे महिन्यात चिखल कुठून येणार? एका संध्याकाळी मुलगी मला म्हणाली, "आई, मी बाळ असताना डोक्यावर पाणी घातलं तेव्हा मला कळत होतं का?"

"नाही. का गं?"

"आबांचे एक मित्र म्हणतात, कळत नसेल तर तो बाप्तिस्मा खरा नसतो."

हिंजवडीच्या बाजूला कुठल्याशा नव्या पंथाच्या मंडळीची प्रार्थना भरते आणि त्यांचा तरुण पास्टर कासारसाईच्या धरणात लोकांना बुडवून बाप्तिस्मा देतो, हे मी ऐकून होते. आमचे फादर तर वर्गातच आम्हा पालकांना म्हणाले होते, सावध राहा. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा स्वतः लहानपणीच बाप्तिस्मा घेतलेले. ते असल्या लोकांत कशाला जातील? तुला सगळीकडं संशयच दिसतो."

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर मी भाजी घेऊन घरी आले, तर वर कुणीच नाही. नवऱ्याला ड्युटी होती. बाबा डोकं दुखतं म्हणून त्यांच्या चर्चला न जाता घरी राहिले होते आणि मुलगी माझ्याआधी शेजारणीबरोबर परत आली होती. मी जिन्यावरूनच हाक मारली. मालकीणबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या.

"म्हातारं तिला घिऊन कासारसाईच्या रिक्षात बसलंय. पिशवी बी हुती हातात."

मी स्कूटी काढली. रस्ताभर माझ्या मनात एकच चित्र होतं, पाण्याखाली गेलेलं माझ्या मुलीचं डोकं.

धरणाचं पाणी उन्हाळ्यानं खूप मागं सरकलं होतं. काठाला भेगाळलेली माती, मग चिखल, मग पाणी. एका बाजूला टेम्पो उभा होता, त्यावर स्पीकर. पांढऱ्या कपड्यातले पंधरा-वीस जण काठावर गात होते. मी स्कूटी टाकून धावले.

मुलगी कोरडी होती. बाबांनी तिचा हात घट्ट धरला होता आणि समोर कमरेपर्यंत भिजलेला तो पास्टर उभा होता. नवऱ्याहून लहानच असेल.

"अंकल, तुम्ही समजून घ्या," तो शांतपणे म्हणत होता. "लहानपणी पाणी शिंपडलं, त्याला बायबलमध्ये आधार नाही. तुमचा झाला नाही, हिचाही झाला नाही. दोघांनी आज घ्या."

"आणि माझी बायको?" बाबांनी विचारलं. "तिचाही लहानपणीच झाला होता."

पास्टर घुटमळला. "ते प्रभूच्या हातात आहे. पण वचनाप्रमाणं बघितलं तर... नाही, अंकल."

बाबांचा चेहरा बघवेना. चिडल्यावर त्यांचा आवाज चढतो, पण आता तो अगदी खाली आला.

"मरेपर्यंत तिनं त्याचंच नाव घेतलं. आणि तू मला सांगतोस, तिचं काही झालंच नाही? हा अधिकार तुला दिला कुणी?"

"पवित्र आत्म्यानं. बायबल माझ्या हातात आहे, अंकल. मला कुणाच्या परवानगीची गरज नाही."

बाबांनी मान वळवली आणि त्यांना मी दिसले. ते वाक्य मी ऐकलंय, हे त्यांना कळलं. मग ते पुन्हा त्याच्याकडं वळले.

"हिचा बाप्तिस्मा झालाय. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, या नावानं. रोमन फादरनं केला, तरी त्याच नावानं केला. एकदा झालेला बाप्तिस्मा परत होत नाही."

"म्हणजे तुम्ही पोपला मानता?"

"पोपला नाही मानत," बाबा म्हणाले. "पण तुलाही मानत नाही."

आम्ही तिघं एकाच स्कूटीवर घरी आलो. मुलगी मध्ये बसून विचारत राहिली की आजी देवाजवळ आहे ना. "आहे," बाबा मागून म्हणाले. मीही आहे म्हटलं. एवढ्यावर आमचं दोघांचं एकमत झालं.

घरी आल्यावर मी त्यांची पिशवी उघडली. त्यात टॉवेल होता आणि तिचा एक कोरडा फ्रॉक.

"हे कशाला नेलं होतं?"

"पोर पाण्यात खेळेल म्हणून."

"तिला तिथं न्यायचंच का? मला न विचारता?"

"मला नुसतं दाखवायचं होतं. जगात काय काय चालतं ते."

"तुम्ही तिला बुडवायला नेलं होतं, बाबा."

ते खाटेवर बसले. पायाचा वाळलेला चिखल नखानं काढायला लागले. "सकाळी काय ठरवून निघालो होतो ते मला विचारू नकोस," ते म्हणाले. "तिथं काय बोललो ते तू ऐकलंस."

मी पुन्हा विचारलं नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो बापाशी दोन दिवस बोलला नाही.

कम्युनियनच्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले आणि शेवटपर्यंत आत बसले. मिस्सेच्या आधी ते फादरना गाठून विचारून आले होते, नातीबरोबर आपल्यालाही ती भाकर मिळेल का. ते कॅथलिक नाहीत म्हणून फादरनी नम्रपणे नकार दिला. बाबांना राग आलाच. "मेज प्रभूचं की यांचं?" ते माझ्या कानाशी पुटपुटले. माझ्याकडं उत्तर होतं, पण त्या दिवशी द्यावंसं वाटलं नाही. मुलगी पांढऱ्या झग्यात पुढं गेली, मी तिच्यामागं गेले. नवरा आणि बाबा बाकावर बसून राहिले.

जेवताना बाबा म्हणाले, "तुमचे फादर प्रवचनात म्हणाले, तारण कृपेनं होतं. मी नीट ऐकलंय."

"नुसत्या विश्वासानं होतं, असं नाही म्हणाले."

"ते म्हणायचं राहिलं असेल."

मुलगी हसली. आम्ही हसलो नाही.

अजूनही बाबा तिला फिरायला नेतो म्हणाले, की कुठल्या रस्त्यानं जाणार ते मी विचारते. ते न चिडता सांगतात. मी गॅलरीत जाऊन दोघं त्याच रस्त्याला लागले का ते पाहते, आणि कोपऱ्यावर पोहोचले की ते हमखास एकदा मागं वळून वर बघतात.