आईला विचारलेली ‘हरकत’

“मॅडम, ये आपकी माँ हैं क्या?” शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्कनं मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला. मागे चौघं वाकलेली. स्क्रीनवर माझी आई. झाशीतल्या प्रेम नगरच्या आमच्या घरात, खाटेवर बसलेली. सांगत होती, आमचा बाप गेल्यावर रेल्वेच्या रुळांवरची घाण उचलायची, आणि लग्नाच्या पंगती उठल्या की पत्रावळींतल्या उष्ट्या पुऱ्या वेचून पोरांना आणायची. खाली हिंदीत सगळं लिहून येत होतं. कोणाचं काही सुटायला नको ना!

आम्हाला ती म्हणायची, “जेवाचं बोलावणं होतं, त्यायनं बांधून देल्लं.” चाळीस वर्षं मी ते खरं धरलं. पोटच्या पोरांपासून तिनं जे झाकलं, ते मला ऑफिसात कळलं. सगळ्यांबरोबर. एक जण हसलासुद्धा, मुडदा!

व्हिडिओ टाकला होता शहरातल्या जुन्या मराठी घराण्यातल्या एका प्रोफेसरांनी. ते वेबसाइटवर झाशीतल्या मराठी माणसांच्या आठवणी जमवतात. मी कामावर असताना घरी येऊन गेले होते.

मी त्यांच्या घरी गेले. “काढून टाका.”

“अहो, परवानगी घेतलीय की!” त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. त्यांचा आवाज: “आजी, तुमची काही हरकत नाही ना?” आईचा: “नाही जी. इथं कोनी हरकत नाही करत. मोहल्ला चांगला आहे.”

सगळा जन्म झाशीत काढलेली बाई. हरकत म्हणजे तिच्या लेखी हिंदीतली हरकत, बदमाशी. तिला वाटलं, शेजारपाजारचं विचारतायत. मी हे सांगितलं तर प्रोफेसर खूश. “किती गोड! हेही टाकायला हवं.”

माझं डोकं सणकलं. “तुमच्या आईचं काय टाकलंत?”

“आमच्याकडे तसं सांगण्यासारखं काही नाही हो.”

भांडून भांडून व्हिडिओ काढायला लावला. काय उपयोग? तोवर शेजारच्या बबीना गावापर्यंत मोबाइलांत पोचला होता. तो आता पुसला जायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. आईला सांगावंच लागलं. तेव्हापासून ती माझ्याकडे बघत नाही. माझ्यासमोर जेवतही नाही.

परवा प्रोफेसरांचा फोन आला. आईचा सत्कार करायचाय, शाल-श्रीफळ. मी म्हटलं, “पाय ठेवून बघा आमच्या दारात.”

वेबसाइटवर तिचं पान अजून आहे. नाव, जन्मसाल, पुढे एक रेघ आणि मोकळी जागा. ती कशासाठी ठेवलीय, कळतं मला. आई गेली तरी मी त्यांना कळवणार नाही. अख्ख्या गल्लीला बजावलंय. तेवढी जागा कोरीच राहील.